राखीव डबा नको, मग गाडीत चढायचं कसं?

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बायकांच्या डब्यात राजकारणावर बोलणं होतं, पण ते बहुधा भाजी निवडता निवडता. एका सकाळी विषय निघाला महिला आरक्षणाचा. खिडकीपाशी बसलेल्या, बँकेत तीस वर्षं काढलेल्या काकू म्हणाल्या, "हा डबा राखीव नसता ना, तर मी लग्नानंतर नोकरी सोडलीच असती." दारात उभी असलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काकू, पण गाड्या वाढवल्या, डबे वाढवले, तर राखीव ठेवायची वेळच कशाला येईल?" काकूंनी मेथीची जुडी सोडली आणि म्हणाल्या, "वाढवले की सांग. तोवर मी इथेच बसते."

ती मुलगी पुढे काय म्हणाली ते ठाण्याच्या गर्दीत ऐकू आलं नाही. पण हाच वाद एका अख्ख्या राजकीय चळवळीला गेली पन्नास वर्षं छळतो आहे, आणि त्यातून त्या चळवळीतल्या बायकांनी जे उभं केलं ते समजून घेण्यासारखं आहे.

चळवळीचं नाव लिबर्टेरियन. मराठीत स्वातंत्र्यवादी म्हणता येईल, पण ऐकणाऱ्याला स्वातंत्र्यसैनिक आठवतात, म्हणून मी लिबर्टेरियनच म्हणते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माझा देह माझा, माझ्या कष्टाची कमाई माझी, आणि दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने केलेला व्यवहार हा त्या दोघांचा. कुणी मारत नाही, लुबाडत नाही, फसवत नाही, तोवर सरकारने मध्ये तोंड घालू नये. पोलीस, न्यायालयं, सीमेवरचं लष्कर एवढं सरकारने नीट सांभाळावं, बाकीचं लोक बघतील. काहींना एवढंही सरकार नको असतं, पण ती मंडळी थोडी.

आपल्याकडचे उदारमतवादी, म्हणजे लिबरल, हे त्यांचे चुलतभाऊ. रानडे-आगरकरांपासून आपल्याला ते घराणं ओळखीचं आहे. उदारमतवाद्याला सरकारी शाळा, सरकारी दवाखाना चालतो. लिबर्टेरियन माणसाला त्याचीही शंका येते. त्यामुळे ही मंडळी एकाच वेळी डाव्यांना आणि उजव्यांना नकोशी होतात. वडापावच्या गाडीला परवाना कशाला, असं विचारलं की डावे चिडतात. कुणी कुणाशी लग्न करावं यात सरकारचा आणि समाजाचा काय संबंध, असं विचारलं की उजवे चिडतात.

आता बायकांचा प्रश्न. लिबर्टेरियन विचारात मोजायचं एकक म्हणजे व्यक्ती. जात, धर्म, लिंग असे गट करून सरकारने कुणाला हक्क वाटले की त्यांच्या मते तो बळाचा वापर होतो. म्हणून राखीव जागा नाहीत. संसदेत नाहीत, कंपनीच्या संचालक मंडळात नाहीत, आणि तत्त्वाला धरून राहायचं तर स्वतःच्या व्यासपीठावरही नाहीत. पण सभागृहात वळून बघितलं तर दिसतात पुरुषच. अमेरिकेतल्या पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने 2013 साली तिथल्या लिबर्टेरियन लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांत 68 टक्के पुरुष निघाले. व्यक्तीला व्यक्ती म्हणून बघणाऱ्या चळवळीत दर तीन व्यक्तींमागे दोन पुरुष, हे दिसायला बरं नाही, आणि हे त्यांनाही कळतं.

मग उपाय काय? सरकार नको, कोटा नको, पण बाई पुढे यायला हवी. उरतो एकच मार्ग: बायकांनी आपणहून जमायचं आणि एकमेकींना वर काढायचं. यालाच ते 'नेटवर्क' म्हणतात. मुंबईकर बाईला हे समजवायला फार लांब जायला नको. बारा जणी दरमहा ठरावीक रक्कम काढतात, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळते, आणि जिने पहिल्यांदा उचलली ती शेवटच्या महिन्यापर्यंत भरत राहते. कागद नाही, नोंदणी नाही, पोलीस नाही. भिशी. तिथे पैसे फिरतात, या नेटवर्कमध्ये संधी फिरते. आज तू व्यासपीठावर बोल, मी समोर बसून टिपणं काढते. पुढच्या महिन्यात उलट.

गंमत अशी की या चळवळीच्या आजच्या रूपाची पायाभरणीच बायकांनी केली. 1943 साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत तीन बायकांची तीन पुस्तकं निघाली: इसाबेल पॅटरसन, रोझ वाइल्डर लेन आणि आयन रँड. तिघींचाही सूर सरकारच्या वाढत्या हाताविरुद्ध. यांतली पॅटरसन न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून वर्तमानपत्रात पुस्तकांवर सदर लिहायची, आणि सोमवारी संध्याकाळी त्या सदराची प्रुफं तपासायला कचेरीत बसायची. तिच्याभोवती तरुण लेखकमंडळी जमायची, प्रुफं वाचता वाचता वाद व्हायचे. रशियातून आलेली, अमेरिकेचा इतिहास नीट ठाऊक नसलेली आयन रँड तिथे बसून शिकली. नेटवर्क हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण काम तेच होतं. पुढे 1948 च्या सुमारास दोघींचं बिनसलं ते कायमचं. आणि हीच रँड 1968 साली लिहून मोकळी झाली की आपण बाईला अमेरिकेची अध्यक्ष म्हणून मत देणार नाही. पायाभरणी बायकांनी केली याचा अर्थ घरात बायकांना जागा मिळाली असा होत नाही. हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पुरुषांच्या बैठकीचं चित्र बघायचं तर 1947 साल घ्या. स्वित्झर्लंडमध्ये मों पेलरॅं नावाच्या ठिकाणी फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञाने मुक्त बाजाराच्या बाजूचे चाळीसेक विचारवंत जमवले. त्यांच्यात नाव घेण्यासारखी बाई एकच, इतिहासकार व्हेरोनिका वेजवूड. या बैठकीतून मों पेलरॅं सोसायटी उभी राहिली, आणि तिच्या अध्यक्षपदी व्हिक्टोरिया कर्झन-प्राइस आल्या त्या 2004 मध्ये.

मधल्या काळात अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट घडली. लिबर्टेरियन पक्ष 1971 च्या डिसेंबरात स्थापन झाला आणि 1972 च्या निवडणुकीत त्याने उपाध्यक्षपदासाठी टोनी नेथन या बाईंना उभं केलं. देशभरातून मतं पडली जेमतेम साडेतीन हजारांच्या वर. पण अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते प्रत्येक राज्याने पाठवलेले निर्वाचक. व्हर्जिनियातला रॉजर मॅक्ब्राइड हा निर्वाचक रिपब्लिकन पक्षाचा, त्याने निक्सनना मत देणं अपेक्षित होतं. त्याने ते दिलं नाही. त्याने आपलं मत लिबर्टेरियन जोडीला दिलं, आणि टोनी नेथन अमेरिकेच्या इतिहासात निर्वाचकाचं मत मिळवणारी पहिली बाई ठरल्या. हा मॅक्ब्राइड कोण? वर उल्लेख केलेल्या रोझ वाइल्डर लेनचा मानलेला नातू, तिच्या विचारांत वाढलेला आणि तिचा वारस. एका बाईने तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, वाढवलेलं, दुसऱ्या बाईच्या पदरात असं पडलं. नेटवर्क कसं काम करतं हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही: मिळणारं फळ बहुतेक वेळा बी पेरणारीला दिसत नाही. लेन 1968 सालीच गेली होती.

टोनी नेथननी दुसऱ्याच वर्षी, 1973 मध्ये, लिबर्टेरियन स्त्रीवाद्यांची एक संघटना काढली. असोसिएशन ऑफ लिबर्टेरियन फेमिनिस्ट्स. तिच्यात पुढे बरीच वर्षं राबली ती शॅरन प्रेस्ली. हीच बाई 1972 साली न्यूयॉर्कमध्ये एका जोडीदाराबरोबर लिबर्टेरियन पुस्तकांचं दुकान काढून बसली होती. पुस्तकाच्या दुकानात माणसं येतात, रेंगाळतात, एकमेकांना भेटतात. आपल्या गिरगाव-दादरच्या दुकानांत जे होत आलं तेच. या बायकांची भूमिका दोन्हीकडून बोचरी होती. स्त्रीवादी चळवळीला त्या सांगत, प्रत्येक प्रश्नावर सरकारला हाक मारू नका, कारण आज जे सरकार तुमच्यासाठी कायदा करतं ते उद्या तुमच्या गर्भाशयावरही करेल. आणि आपल्या पुरुष सहकाऱ्यांना सांगत, सरकार हाच एक जुलूम नव्हे. घरातला बाप, नवरा, धर्मगुरू हेही माणसाच्या मानेवर बसतात. त्याबद्दल तोंड उघडा.

अलीकडचं मोठं नेटवर्क म्हणजे लेडीज ऑफ लिबर्टी अलायन्स. आद्याक्षरांवरून 'लोला' म्हणतात. 2009 साली अमेरिकेत सुरू झालं आणि आता अमेरिकेबाहेरही त्याच्या शाखा आहेत. रचना साधी आहे. एखाद्या शहरात एक बाई पुढाकार घेते, दरमहा भेट ठरवते, दहा-पंधरा जणी येतात. कधी पुस्तकावर चर्चा, कधी एखाद्या स्थानिक कायद्यावर, कधी नुसतं जेवण. यातल्या शाखा चालवणाऱ्यांना पुढे निवासी शिबिरांत नेतात. तिथे कॅमेऱ्यासमोर कसं बोलायचं, देणगी कशी मागायची, कुणी बोलणं तोडलं तर ते परत हातात कसं घ्यायचं, याचा सराव होतो. 2016 पासून फेमिनिस्ट्स फॉर लिबर्टी असंही एक व्यासपीठ आहे. कॅट मुर्ती आणि एलिझाबेथ नोलन ब्राउन या दोघींनी काढलेलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? गप्पा आणि जेवण! मलाही आधी असंच वाटायचं. मग काही वर्षांपूर्वी मी मध्य मुंबईतल्या अशाच एका अभ्यासमंडळात जायला लागले. विषय चांगले असायचे, वक्ते वाचलेले असायचे, आणि सभा कामाच्या दिवशी सात वाजता सुरू व्हायची. प्रत्यक्षात साडेसातला. खरी चर्चा रंगायची सभा संपल्यावर, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात, साडेनवाच्या पुढे. पुढचा वक्ता कोण, लेख कुणी लिहायचा, दिल्लीच्या परिषदेला कुणाला पाठवायचं, हे सगळं तिथे चहाच्या दुसऱ्या फेरीत ठरायचं. मी तोवर दादरच्या पुलावर असायचे. घरी पोचायला अकरा, आणि सकाळी डबा. कुणीही मला थांबवलं नव्हतं. कुठलाही नियम माझ्याविरुद्ध नव्हता. तरी मी त्या यादीत कधीच नव्हते.

लिबर्टेरियन पुरुष इथे अडखळतो. त्याच्या हिशोबात अन्याय म्हणजे कुणी बळजबरी केली पाहिजे. चहाच्या दुसऱ्या फेरीत बळजबरी कुठे आहे? आणि नेटवर्कचं खरं काम इथेच सुरू होतं. ते सभेची वेळ शनिवारी दुपारी चारला आणतं. मूल बरोबर आणलं तरी चालेल असं आमंत्रणातच लिहितं. आणि चहाच्या फेरीत जे ठरतं ते ठरवायला दुसरी फेरी तयार करतं, जिथे एक जण दुसरीचं नाव पुढे करते. बहुतेक संधी जाहिरातीतून मिळतच नाहीत. 'अमुक एक चांगली बोलते, तिला विचारा' असं कुणीतरी म्हणावं लागतं. पुरुषांकडे असं म्हणणारं कुणीतरी असतंच, आणि त्याला ते नेटवर्क म्हणत नाहीत. कट्टा म्हणतात.

आता आपल्या गावाकडे वळू. लिबर्टेरियन म्हटलं की अमेरिकेतली आयात वस्तू वाटते, पण 'द इंडियन लिबर्टेरियन' या नावाचं इंग्रजी पाक्षिक पन्नास-साठच्या दशकांत मुंबईतून निघत होतं. सँडहर्स्ट रोडवरच्या आर्यभवनातून. मागे होते रणछोडदास लोटवाला. तेच लोटवाला, ज्यांनी विसाच्या दशकात तरुण श्रीपाद अमृत डांग्यांना हात दिला, मार्क्सवादी पुस्तकं आणून दिली. कम्युनिस्ट चळवळीचा हा आश्रयदाता उतारवयात पार दुसऱ्या टोकाला गेला. आणि या पाक्षिकावर संपादक म्हणून अनेक वर्षं नाव छापलं जायचं ते कुसुम लोटवाला यांचं. महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला अंक. नेहरूंच्या समाजवादाचा जोर असताना, मुंबईत, एक बाई मुक्त अर्थव्यवस्थेचं नियतकालिक संपादत होती. डांग्यांचं नाव गिरणगावात आजही कुणीही सांगेल. कुसुमबाईंचं नाव मी दहा वाचणाऱ्या माणसांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. मला वाटतं नेटवर्क नसण्याचा हा दुसरा तोटा. काम होतं, पण आठवण ठेवणारं कुणी उरत नाही.

त्याच सुमारास मुंबईत या विचाराची बरीच हालचाल होती. मिनू मसानींनी 1952 साली 'फ्रीडम फर्स्ट' मासिक सुरू केलं होतं, ए. डी. श्रॉफांनी 1956 मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढलं, आणि 1959 साली राजाजींचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. या पक्षाच्या जयपूरच्या उमेदवार गायत्रीदेवी 1962 साली लोकसभेवर निवडून आल्या, पडलेल्या 2,46,516 मतांपैकी 1,92,909 मतं घेऊन. आकडा गिनीज बुकात गेला. पण राजघराण्यातल्या बाईचा विजय हा नेटवर्कचा पुरावा म्हणून मी धरणार नाही. तिच्यामागे दुसरंच नेटवर्क होतं, शेकडो वर्षं जुनं.

माझ्या लेखी खरा पुरावा 1959 चाच, पण गिरगावच्या गच्चीवरचा. मार्चच्या 15 तारखेला सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं पुढे लिज्जत झालं. देणगी घ्यायची नाही आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, हे दोन नियम. यातल्या कुणी स्वतःला लिबर्टेरियन म्हणवलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर 1966 मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाल्याचा त्यांना फायदाही झाला. म्हणजे सरकार अगदीच बाहेर नव्हतं. तत्त्वात जितकं स्वच्छ असतं तितकं गच्चीवर नसतं.

महाराष्ट्रात या विचाराच्या बायकांची सर्वांत मोठी जुळणी मात्र मुंबईत झाली नाही. ती झाली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला, नोव्हेंबर 1986 मध्ये. शरद जोशींची शेतकरी संघटना शेतमालाच्या बाजारावरचं सरकारी नियंत्रण उठवा म्हणत होती. म्हणजे अर्थकारणात पक्की मुक्तबाजारवादी. तिने फक्त बायकांचं अधिवेशन भरवलं आणि लाखाहून जास्त शेतकरी बायका आल्या. कित्येकींचा घर सोडून एकटीने केलेला तो पहिला प्रवास. तिथून शेतकरी महिला आघाडी उभी राहिली. तिने ग्रामपंचायतीत पूर्ण बायकांची पॅनेलं लढवायचं ठरवलं, आणि 1989 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर इथे ती निवडूनही आली. पंचायतीत एक तृतीयांश जागा राखीव करणारी 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली 1993 मध्ये. म्हणजे या बायका राखीव जागांच्या आधी, खुल्या जागांवर आल्या होत्या.

याच संघटनेचा लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग आपणहून बायकोच्या नावावर केला की ते गाव लक्ष्मीमुक्त गाव. कायद्याची सक्ती नाही. गावासमोर मान, आणि शेजारच्या गावाशी थोडी चढाओढ. सातबाऱ्यावर बाईचं नाव. लिबर्टेरियन विचारात मालमत्ता हा स्वातंत्र्याचा पाया मानतात, आणि इथे तो पाया बाईच्या पायाखाली घातला जात होता. लिबर्टेरियन तत्त्वाचं याहून चोख रूप मला तरी ठाऊक नाही. पण एक गोष्ट खटकते, ती लपवत नाही: देणारा नवराच होता. त्याने दिलं तर मिळालं. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला तो महाराष्ट्रात 1994 च्या आणि देशभर 2005 च्या कायद्याने. खिडकीपाशी बसलेल्या काकू म्हणतील, बघ, शेवटी राखीव डबाच लागला. यावर लिबर्टेरियन उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे: समान वारसाहक्क हा राखीव डबा नव्हे. जुना कायदा मुलीला दारातून बाहेर ढकलत होता, नव्याने फक्त ढकलणं थांबवलं.

याच शरद जोशींनी पुढे जे केलं त्यावर आमच्या अभ्यासमंडळात दोन शनिवार गेले. (हो, शनिवार. ते पुढे सांगते.) 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं. तो एक म्हणजे जोशी. चांदवडला लाखभर बायका जमवणारा माणूस विरोधात! त्यांचा आक्षेप मुख्यतः फिरत्या मतदारसंघांवर होता. दर निवडणुकीत राखीव मतदारसंघ बदलणार असेल, तर निवडून आलेली बाई पाच वर्षं तिथे कशाला राबेल, आणि पुढच्या खेपेला उभी कुठे राहील? मुंबईकराला हे कागदी वाटू नये. महापालिकेच्या 227 वॉर्डांपैकी 114 बायकांसाठी राखीव, आणि दर वेळी सोडत. सोडतीच्या दिवशी इच्छुकांचे चेहरे ज्याने पाहिलेत त्याला जोशींचा मुद्दा कळतो. वॉर्ड 'महिला' निघाला की फलकावर बाईचं नाव लहान आणि खाली साहेबांचा फोटो मोठा. पण या सोडतीतूनच काही बायका एकदा आत आल्या आणि नंतर खुल्या वॉर्डातूनही जिंकल्या, हेही याच शहरात घडलं आहे. मी स्वतः जोशींचा आक्षेप मान्य करते, विरोधातलं मत मान्य करत नाही.

भारतात या चळवळीपुढे दोन अडचणी आणखी आहेत, त्या भराभर सांगते. पहिली: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ प्रमाणे पक्ष नोंदवताना समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. 1989 पासून. प्रामाणिक लिबर्टेरियन बाई ते लिहून देऊ शकत नाही, म्हणजे पक्षाच्या मार्गाने नेता होणं तिच्यासाठी बंद. उरतात संस्था, मासिकं, न्यायालयं. दुसरी: परदेशी देणगीचा कायदा. बाहेरचं नेटवर्क मुंबईतल्या गटाला सहज पैसे पाठवू शकत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी मदत दुसरीला वाटताही येत नाही. त्यामुळे बाहेरून येतं ते शिबिराचं आमंत्रण, पुस्तकं, ओळखी. पैसा इथलाच लागतो, आणि बायकांच्या गटाला तो इथे देणारे थोडे.

मग अशा नेटवर्कने मुंबईत करायचं तरी काय? माझ्या मते उत्तर 2005 मध्ये सापडतं. राज्य सरकारने त्या वर्षी पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबार बंद केले. कारण काय, तर स्त्रीची प्रतिष्ठा. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. म्हणजे श्रीमंतासमोर नाचलं तर प्रतिष्ठा शाबूत, कारकुनासमोर नाचलं तर गेली. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय बारगर्ल्स युनियनने रस्त्यावर आणि न्यायालयात भांडण केलं. उच्च न्यायालयात फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी या मुलींची बाजू मांडली. शहरातल्या महिला संघटनांमध्ये तेव्हा उभी फूट पडली होती. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं: व्यवसाय करण्याचा हक्क, आणि दोन हॉटेलांना दोन न्याय नाहीत. मधल्या आठ वर्षांत त्या मुलींचं काय झालं, कोण आखातात गेलं, कोण त्याहून वाईट धंद्यात, ते शहराने विचारलं नाही.

यात स्वतःला लिबर्टेरियन म्हणवणारं जवळपास कुणी नव्हतं. एक कामगार संघटना आणि एक स्त्रीवादी वकील, दोघीही एरवी डाव्या बाजूच्या मानल्या जाणाऱ्या. आणि तरी 'तुझ्या भल्यासाठी तुझी रोजी बंद करतो' म्हणणाऱ्या सरकारपुढे त्यांनी जो मुद्दा मांडला, तो पुस्तकातून उचलल्यासारखा लिबर्टेरियन होता. आमच्या मंडळातले पुरुष अशा वेळी करांवर बोलत होते. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही (थोडासा आहे). नेत्या बायका असत्या तर विषयांची यादी बदलली असती, एवढंच. फेरीवालीचा परवाना, घरकाम करणारीचं बँक खातं, रात्रपाळीला जायचं की नाही हे बाईने ठरवायचं की निरीक्षकाने, हे प्रश्न वर आले असते. दुकानं व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यात बाईला रात्री साडेनवानंतर काम करायला तिची संमती आणि मालकाने केलेली सुरक्षेची व्यवस्था पुरते. त्याआधी तिला कुणी विचारतच नव्हतं. हा बदल व्हावा म्हणून आमच्यापैकी कुणी एक ओळ लिहिली नव्हती.

आता शनिवारचं. आम्ही चौघींनी मंडळाकडे वेळ बदलायची मागणी केली. उत्तर आलं की सवलत कुणालाच नाही, नियम सर्वांना सारखा. मग आम्ही वेगळं काही मागितलं नाही. एकीच्या माटुंग्याच्या घरी शनिवारी चार वाजता बसायला लागलो. पहिल्या वेळी पाच जणी होतो आणि एक सासूबाई, ज्या आतून सगळं ऐकत होत्या आणि मधेच येऊन 'पण वीजबिलाचं काय' असं विचारून गेल्या. आता पंधरा-सोळा जणी येतात. दर वेळी एकीने बोलायचं, दुसरीने तिला खोडायचं, हा नियम. मे महिन्यात मूळ मंडळाचे दोन पुरुष विचारायला आले की आम्ही बसलो तर चालेल का. सासूबाई म्हणाल्या, बसा, पण चहा तुम्ही करायचा.

परवा त्या दारातल्या कॉलेजकन्येला आमंत्रण दिलं. ती म्हणाली, "फक्त बायकांचं आहे? मग तो राखीव डबाच झाला ना?" मी म्हटलं, "ये, आणि हेच बोल. पुढच्या शनिवारी तुझी पाळी."